तिळाच्या दोन भाकऱ्या

एकदा एका प्रयोगशाळेत एक वृद्ध प्राध्यापक आपल्या दोन शिष्यांसह इंधनघटावर काम करीत होते. इंधनघट म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारे साधन. हा घट आठशे अंशांच्या उष्णतेत चाले. त्यातल्या सिरॅमिकच्या चकतीवर निकेलचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे नॅनोकण, जितके दाट, तितकी वीज अधिक. दोघा शिष्यांपैकी एकाचीच चकती मोठ्या चाचणीला जाणार होती.

विश्राम सहा वर्षे सरांच्या हाताखाली होता. केतकी गेल्या वर्षीच आलेली. तरी सर हल्ली तिच्याच टेबलापाशी रेंगाळतात, असे त्याला वाटे. ती नुसती हसली तरी त्याच्या पोटात दुखे.

केतकीने निकेल सिरॅमिकच्या भुकटीतच मिसळून चकती घडवली होती. हायड्रोजनमध्ये तापवली की आतले निकेल हळूहळू वर येई आणि कण उमटत. कण मोजकेच होते. विश्रामने तयार चकतीवर निकेलचे द्रावण थेंबथेंब सोडून ती भाजली. चार वेळा पुरेसे होते. केतकीवर ताण करायची म्हणून त्याने नऊ वेळा सोडले.

पहिल्या दिवशी त्याच्या चकतीने केतकीच्या दीडपट वीज दिली.

"काय केतकीबाई, तुमचे कण अजून झोपेतच वाटतं?"

"उठतील हो सावकाश. तुम्ही आधी चहा घ्या, विश्रामदादा."

तिच्या शांतपणाने तो आणखीच जळला. सर एवढेच म्हणाले, "दोन्ही चकत्या पंधरा दिवस चालू राहू द्या."

पंधराव्या दिवशी विश्रामची वीज निम्म्याखाली आली होती. केतकीची होती तेवढीच होती.

"तिचीच पाठवायची होती, तर मला कशाला राबवलंत, सर?" त्याचा आवाज चिरकला.

सरांनी आपला जेवणाचा डबा काढला. तो उघडून त्यांनी बाजरीची एक भाकरी उचलली आणि विश्रामच्या वहीवर झटकली. वहीभर तीळ सांडले. मग दुसरी झटकली. एकही तीळ पडला नाही.

"ही पहिली माझी," सर म्हणाले. "भाजून झाल्यावर वरून तीळ भुरभुरले. दिसत होती मोठी झोकात! दुसरी सूनबाईची. तिने तीळ पिठातच मळले. तुझे कण वरून आले, त्यांना पाय रोवायला जागा मिळाली नाही. आच लागली तसे सरकले आणि एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले. तिचे आतून उगवले, अर्धे अजून चकतीतच रुतलेत. चार वेळा सोडलंस ते चकतीसाठी. पुढच्या पाच वेळा कशासाठी, बाळा? सहा वर्षांत तुझ्या आत जे मुरलंय, ते वर यायला तू अवधीच दिला नाहीस."

विश्राम खाली मान घालून वहीवरचे तीळ बोटाने टिपत राहिला. मग उठून केतकीच्या टेबलापाशी गेला.

"चकतीच्या कडा तपासल्यास? वायू तिथूनच गळतो. पहिली दोन वर्षं माझी त्यातच गेली."

"नाही हो दादा, ते मला जमतच नाही. दाखवता?"

त्याने स्टूल ओढून घेतले.