चिंगीची भाकरी आणि तापलेला ट्रक

अंगणात होता एक म्हातारा लाल ट्रक. अंगणातच राहायची चिंगी उंदरीण.

आज चिंगीला भाकरीचा तुकडा मिळाला. तिने तो खाली ठेवला. जरा मिशा पुसल्या. तेवढ्यात ट्रक फेरी मारून आला. खडखड, खडखड. फुस्स.

ट्रक बंद पडला. चाक थेट भाकरीवर.

ट्रक चालवणाऱ्या हणमाकाकांनी खाली उतरून पेट्रोलची टाकी ठोकली. टण टण. "टाकी तर भरलेली आहे. मग बंद का?"

रखमाकाकी म्हणाली, "अहो, टाकीला कशाला मारताय? बॉनेट उघडा."

चिंगी चाकाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"भाकरी सुटेना. चाका चाका, हल ना."

चाक म्हणालं, "इंजिन फिरेल, तर मी हलेन."

चिंगी इंजिनाकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"चाक हलेना, भाकरी सुटेना. इंजिना इंजिना, फिर ना."

इंजिन म्हणालं, "मला भूक लागलीय. कार्बोरेटर पेट्रोल पाजेल, तर मी फिरेन."

चिंगी कार्बोरेटरकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"इंजिन फिरेना, चाक हलेना, भाकरी सुटेना. कार्बोरेटरमामा, पेट्रोल पाज ना."

"कुठून पाजू? माझी वाटी कोरडी. नळी पेट्रोल आणेल, तर मी पाजेन."

चिंगी नळीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. आई गं, चटका बसला.

"कार्बोरेटर पाजेना, इंजिन फिरेना, चाक हलेना, भाकरी सुटेना. नळीताई, पेट्रोल आण ना."

"अगं, मी तापले. पोटात पेट्रोलची वाफ झाली. बुडबुड, बुडबुड. रेडिएटर निवेल, तर मी आणेन."

चिंगी रेडिएटरकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"नळी आणेना, कार्बोरेटर पाजेना, इंजिन फिरेना, चाक हलेना, भाकरी सुटेना. रेडिएटरदादा, निव ना."

"पाणी आहे गं पोटात. पण वारा लागेना. तोंडावर गवत कोंबलंय कुणीतरी. गवत हटेल, तर मी निवेन."

चिंगी गवताकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रेडिएटर निवेना, नळी आणेना, कार्बोरेटर पाजेना, इंजिन फिरेना, चाक हलेना, भाकरी सुटेना. गवता गवता, हट ना."

गवत म्हणालं, "मला जिनं आणलं, तिनंच काढावं."

"कुणी आणलं?"

"चार पाय. लांब मिशा. एक शेपटी."

चिंगीने आपले पाय मोजले. चार. मिशा चाचपल्या. लांब. मागे वळून पाहिलं. शेपटी.

"अगंबाई. ही तर माझीच गादी."

गादी मऊ होती. चिंगी थांबली. गादी की भाकरी?

पोट म्हणालं, गुर्र.

चिंगीने गवत ओढलं. सर्र, सर्र, सर्र. सगळं खाली.

वारा आला, सूं सूं. तिकडे काकीने बॉनेट उघडून नळीला ओलं फडकं गुंडाळलं. छुस्स.

मग रेडिएटर निवला. नळीने पेट्रोल आणलं. कार्बोरेटरने पाजलं. इंजिन फिरलं. चाक हललं. भाकरी सुटली.

भाकरीचा झाला होता पापड. चिंगीने तो खाल्ला. कुर्रुम कुर्रुम.

काका म्हणाले, "बघितलंस? टाकी ठोकली, म्हणून सुरू झाला."

काकी म्हणाली, "हो का? बरं, चला आता."

ट्रक गेला बाजारात, पापड गेला पोटात, गोष्ट राहिली आपल्या कानात.