न आलेली हाक

आपल्या पोटात काय चाललंय, हे माणसाने विचारायलाही सुरुवात केली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

एका माणसाच्या आतड्याच्या वेशीवर तिखी नावाची पहारेकरी पेशी राहायची. इतर शिपायांना शत्रू ओळखायला दिवसचे दिवस शिकावं लागे. तिखीला जंतूंचा वास उपजतच कळायचा. त्याचा तिला भारी तोरा होता.

वेशीचा दंडक एकच होता: नुसत्या वासावर हत्यार उपसायचं नाही, भिंतीतल्या पेशींनी हाक दिली तरच उपसायचं. कारण वेशीलगत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारे गरीब जंतूही होते आणि त्यांचा वास शत्रूसारखाच यायचा.

एके दिवशी वास दाटून आला. हाक मात्र नव्हती.

“थांब गं बाई,” भिंतीतली सगळ्यांत जुनी पेशी म्हणाली, “हे आपले शेजारीच आहेत.”

“तुम्ही ओरडेपर्यंत वाट बघायची, तर माझा उपयोग काय, आक्का?” असं म्हणत तिखी तुटून पडली. शेजारी मेले. त्यांच्याबरोबर भिंतीतल्या कितीतरी पेशी होरपळल्या. आक्काही वाचली नाही.

तिखी खाली मान घालून परतली. त्या दिवसापासून ती दंडक जिवापाड पाळू लागली.

मग एका सकाळी खरा शत्रू आला. वास आला, तशी तिखी हत्यारावर हात ठेवून हाकेची वाट पाहू लागली. हाक येईना.

शत्रू भिंत कुरतडत होता आणि भिंत ओठ घट्ट मिटून सोसत होती. हाक दिली, तर तिखी धावून येईल, याचीच तिला धास्ती होती.