झरा कोण राखतं?

फार पूर्वी, गोऱ्या साहेबाचा घोडा पहिल्यांदाच डोंगर चढून आला त्या काळी, एका गावात एक दुभाष्या राहत होता. इंग्रजी तो काही शाळेत शिकला नव्हता. तरुणपणी शहरात एका पाद्र्याच्या घरी कामाला होता, तिथं जे कानावर पडलं तेच त्याचं शिक्षण. पाद्री बाहेर जाताना बजावायचा, "माइंड द डोअर." म्हणजे दार सांभाळ. पाद्रीणबाई म्हणायची, "माइंड द बेबी." म्हणजे बाळाकडे लक्ष ठेव. चुलीवर दूध असलं की "माइंड द मिल्क." असं दार, बाळ आणि दूध राखता राखता त्याच्या तोंडी थोडी इंग्रजी बसली आणि तेवढ्या भांडवलावर तो गावी परतला.

वासरांत लंगडी गाय शहाणी. गावात दुसऱ्या कुणाला 'यस' आणि 'नो'सुद्धा ठाऊक नव्हतं, त्यामुळे याचा भाव भलताच वाढला. पारावर पाटलाशेजारची जागा त्याची. पंगतीत तूप आधी त्याच्या भातावर पडायचं. त्यानं एक लाल पागोटंही करून घेतलं होतं आणि ते उतरवून झोपायचं त्याच्या जिवावर यायचं. "मला अडेल असा इंग्रजी शब्द साहेबाच्या बापालाही ठाऊक नाही," असं तो सांगत फिरायचा. लोक तोंडावर मान द्यायचे आणि पाठीमागे थोडं हसायचे.

गावाच्या वरच्या अंगाला एक झरा होता. भर उन्हाळ्यातही तो आटत नसे. माणसं, गुरं, वांग्या-मिरच्यांचे वाफे, सगळं त्याच्यावरच जगत होतं.

एके दिवशी साहेब आला. त्याला डोंगरावर बंगला बांधायचा होता, बंगल्यापुढे बाग हवी होती आणि बागेत तळं हवं होतं. माणूस तसा वाईट नव्हता. दुसऱ्याचं घेण्याआधी विचारावं, एवढी रीत त्याच्यापाशी होती. त्यानं गाव गोळा केलं, झऱ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "इफ आय टेक द वॉटर, डू यू माइंड?"

मी हे पाणी घेतलं तर तुमची हरकत आहे का, असं तो विचारत होता.

दुभाष्याला 'वॉटर' कळलं. 'माइंड' तर त्याच्या जुन्या ओळखीचा. त्यानं पागोटं सावरलं आणि खणखणीत आवाजात गावाला सांगितलं, "साहेब विचारतात, या पाण्याची राखण तुम्ही करता का?"

लोकांना हसू आलं. दुभाष्याची म्हातारी आत्या घागर घेऊन तिथंच उभी होती. आईबापाविना राहिलेल्या या पोराला तिनंच वाढवलं होतं. ती म्हणाली, "अरे, झरा कोण राखतं? तो काय कुणी काखेत मारून नेणार आहे? नाही म्हणून सांग त्यांना."

"नाही, नाही," सगळं गाव म्हणालं.

"नो, साहेब," दुभाष्या म्हणाला.

साहेबानं खूश होऊन टोपी काढली आणि सगळ्यांचे आभार मानले. एवढा मोठा माणूस आपल्यापुढे टोपी काढतो म्हणून गावही खूश झालं.

थोड्याच दिवसांत डोंगरावर चर खणायला सुरुवात झाली. "हे काय चाललंय?" लोकांनी विचारलं. "तुम्ही राखण करत नाही म्हणालात ना, म्हणून साहेब झऱ्याची डागडुजी करतोय," दुभाष्यानं सांगितलं. तेव्हा त्याला स्वतःलाही तेच खरं वाटत होतं.

मग एका संध्याकाळी साहेबाच्या तंबूपुढे पाहुणा आला. गप्पा मारता मारता त्यानं चिरूट पेटवला आणि साहेबाच्या मडमेकडे वळून विचारलं, "डू यू माइंड?" दुभाष्याला वाटलं, आता मडम याचा चिरूट सांभाळत बसणार. मडम म्हणाली, "यस, आय डू." तसा पाहुण्यानं निमूटपणे चिरूट विझवला.

मडम 'यस' म्हणाली आणि माणूस थांबला! म्हणजे त्यानं राखणीचं विचारलंच नव्हतं, हरकतीचं विचारलं होतं. साहेबानंही गावाला तेच विचारलं होतं. आणि गावानं, बिचाऱ्या त्या गावानं, हसत हसत आपलं पाणी देऊन टाकलं होतं.

अजून वेळ गेली नव्हती. चर झऱ्याला भिडायचा होता. दुभाष्या पुढे झाला, तोच साहेबानं आपण होऊन विचारलं, "गावातल्या बायका चराकडे रागानं बघतात म्हणे. दे डोन्ट माइंड, डू दे?"

साहेबानं विचारलं होतं, गावाची हरकत तर नाही ना? या वेळी दुभाष्याला शब्द नीट कळला. खरं सांगितलं तर साहेब दुसरा दुभाष्या आणेल, हेही कळलं. गाव हसेल, पारावरची जागा जाईल, पागोटं खुंटीला लागेल. त्यानं पागोटं सावरलं.

"नो, साहेब," तो म्हणाला. "नो माइंड."

पाणी वळलं. गावातला हौद कोरडा पडला. लोक धावत दुभाष्याकडे आले. तो म्हणाला, "साहेबाचा हुकूम आहे. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही." लोकांनी विश्वास ठेवला, कारण विचारायला दुसरं कुणी नव्हतंच. वर बागेत गुलाब फुलले आणि खाली वाफे करपले. बायका दरी उतरून नदीचं पाणी आणू लागल्या. वैशाखात आत्या त्या उतारावर भरल्या घागरीसकट पडली आणि कंबर मोडून अंथरुणाला खिळली.

"एकदा जाऊन सांग रे साहेबाला," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?"

दुभाष्या गेला. "साहेब, व्हिलेज माइंड," तो चाचरत म्हणाला. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या. "मी विचारलं तेव्हा तर तू नाही म्हणालास! मग चुकलं कुठं?" माझं चुकलं, एवढं दुभाष्यानं म्हणायचं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. साहेबानं तळ्यातल्या माशांकडे पाहिलं, दुभाष्याचा खांदा थोपटला आणि म्हणाला, "नेव्हर माइंड." आता जाऊ दे.

"काय म्हणाला साहेब?" अंथरुणावरून आत्यानं विचारलं.

"काळजी करू नका म्हणाला," दुभाष्यानं सांगितलं.

पण खोटं किती दिवस झाकून राहणार? कोंबड्या घ्यायला आलेला साहेबाचा खानसामा सहज बोलून गेला, "साहेबानं तुम्हाला विचारूनच पाणी घेतलं. तुमचाच माणूस दोन्ही वेळा हरकत नाही म्हणाला."

गावानं दुभाष्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. लोकांनी भांडीकुंडी बांधली आणि ते नदीकाठी राहायला निघाले. आत्याची बाज चौघांनी उचलली होती. दुभाष्याच्या दारापुढे तिनं ती थांबवायला लावली.

"आत्या, मला शब्द कळला नव्हता गं," तो रडत म्हणाला.

"ते मी पोटात घातलं असतं, बाळा," आत्या म्हणाली. "पण कळल्यावर का गप्प बसलास? त्या साहेबाच्या शब्दाला शंभर अर्थ असतील. तुझ्या शब्दाला एक तरी आहे का?"

बाज पुढे गेली. आत्या पावसाळ्यापर्यंतसुद्धा जगली नाही, आणि त्याला निरोप पाठवावा असं कुणाला वाटलं नाही.

पुढच्या वर्षी साहेबाची बदली झाली. घोड्यावर बसता बसता त्यानं फाटकाची किल्ली दुभाष्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "माइंड द वॉटर."

पाणी राख. हा अर्थ दुभाष्याला पहिल्यापासून ठाऊक होता.

तेव्हापासून तो ओसाड बंगल्यापुढे लाल पागोटं घालून बसे. एकदा एक वाटसरू पाणी प्यायला थांबला आणि त्यानं विचारलं, "बाबा, हा झरा कोण राखतं?"

"मी राखतो," दुभाष्या म्हणाला.

वाटसरूनं खाली पाहिलं. मोडकी छपरं, कोरडा हौद, माणूस एकही नाही. "कुणासाठी?" त्यानं विचारलं.

दुभाष्यानं पागोटं सावरलं आणि फाटकाची किल्ली कमरेला खोचली.

तात्पर्य: न कळून झालेली चूक आपली माणसं पोटात घालतात, पण कळल्यावर मान राखण्यासाठी जो गप्प बसतो, त्याला मान द्यायला शेवटी माणसंच उरत नाहीत.