राखेची राजकन्या आणि शिंजिराचा रंग

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. राणी अकाली निवर्तली होती, म्हणून राजाचा सारा जीव त्याच्या एकुलत्या कन्येत, अंशुलेत, गुंतलेला. एके सकाळी बागेतल्या जास्वंदीवर शिंजीर आला. पक्षी अंगठ्याएवढा. सावलीत कोळशासारखा काळा. उन्हात कधी जांभळा, कधी निळा, कधी हिरवा. अंशुला सहज म्हणाली, "तात, या रंगाचा शेला असता तर मी रोज पांघरला असता."

राजाने ते शब्द मनावर घेतले. त्याने भैरवाक्ष मांत्रिकाला बोलावले.

"रंग पिसात आहे, म्हणजे तो काढता येईल," मांत्रिक म्हणाला.

राईराईवर जाळी पडली. पाखरे धरली, पिसे उपटली, तांब्याच्या खलात कुटली, कढईत उकळली. तळाशी उरली ती काजळीसारखी काळी पूड. मांत्रिकाने आणखी पाखरे मागितली आणि राजाने ती दिली. दरबाराच्या भिंतींवर पिंजरे टांगले गेले.

तेव्हा खिडकीतून एक साधी, पिवळट शिंजिरीण आत आली आणि सिंहासनाच्या हातावर बसली. ती शिंजिरांची आई होती. ती माणसाच्या वाणीने बोलली, "राजा, माझी लेकरे तू खलात कुटलीस. ज्या लेकीसाठी कुटलीस, तिचाही रंग जाईल. पानगळ संपेल तेव्हा ती वाऱ्यावर उडून जाईल."

एवढे बोलून ती गेली. त्याच क्षणी अंशुलेचे केस, डोळे, हात, अंगावरचे वस्त्र, सारे राखेच्या रंगाचे झाले. ती कुणाच्या नजरेत भरेना; दासी तिला धडकून जात आणि मग दचकत. राजा सैन्य पाठवायला निघाला, पण अंशुलेने त्याला थांबवले.

"तात, ती इच्छा माझ्या तोंडून निघाली होती. मीच जाते."

ती चालत चालत शिंजिरांच्या डोंगरावर पोचली. पक्षीमातेने तिला न्याहाळले. तिचा राग सरला नव्हता, पण मुलीच्या फुटलेल्या टाचा तिला दिसल्या.

"शाप सुटायला तीन कामे आहेत," ती म्हणाली. "हे गळलेले पीस घे आणि गुहेतून पलीकडे जा."

गुहेत अंधार राहत असे. तो म्हणाला, "जवळचा रंग देशील तर वाट देईन."

"घे," अंशुलेने पीस पुढे धरले. अंधाराने ते चाटले, पुन्हा चाटले.

"यात काहीच नाही," तो हिरमुसून म्हणाला आणि बाजूला झाला.

अंशुला रडवेली होऊन बाहेर आली. उन्हात तिने पीस जरासे फिरवले, तर त्यातून निळी झळाळी उठली. रंग कुणी घेतलाच नव्हता. आत घेण्याजोगे काही नव्हतेच.

"आता ज्यांना रंग नाही अशा दोन गोष्टींतून मला हेच रंग करून दाखव," पक्षीमाता म्हणाली.

अंशुलेने पुष्कळ विचार केला. काही सुचेना. दमून ती काळ्या कातळातल्या डोहाशी बसली आणि अंगावरची राख धुवावी म्हणून रिठे चोळू लागली. राख गेली नाही. तिने सुस्कारा सोडला, तसा तळहातावरच्या फेसाचा एक बुडबुडा फुगला. काळ्या कातळापुढे त्याच्या पापुद्र्यावर जांभळा, निळा, हिरवा फिरत होता. तिने पक्षीमातेला हाक मारली.

"पाणी आणि माझा श्वास," ती म्हणाली.

पक्षीमाता तिच्या खांद्यावर येऊन बसली. "आमच्या पिसातही असेच आहे, मुली. काळ्या कणांच्या चकत्या एकीवर एक रचलेल्या, मधे पारदर्शक पापुद्रे. प्रकाश आत शिरतो, थराथरावरून परततो. प्रकाशाच्या ज्या लाटा पावलाला पाऊल जुळवून परततात त्या उजळतात. ज्यांची पावले चुकतात त्या एकमेकींना विझवतात. कुटले की थर मोडतात, काळे तेवढे उरते."

"आणि तिसरे काम?"

"ते तुझ्या पित्याचे. त्याने तुझ्यात रंग पाहावा. कसा, ते तू सांगायचे नाहीस."

अंशुला परतली तेव्हा झाडांवर मोजकी पाने होती आणि तिच्या देहातून मागची भिंत दिसू लागली होती. तिने पित्याला तिसरे काम सांगितले. राजाने सिंहासनावरून डोळे ताणून पाहिले.

"मला राखच दिसते, बाळ. काय करू?"

ते सांगायची तिला मनाई होती. भैरवाक्ष पुढे झाला. "महाराज, पिंजऱ्यांतली पाखरे कुटून ती पूड राजकन्येला लावू. गेलेला रंग परत येईल."

राजाने पिंजऱ्यांकडे पाहिले. पिसे उपटलेल्या अंगाची पाखरे कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"तुझी कढई पालथी कर, भैरवाक्षा," तो म्हणाला. "माझी लेक राहणार नसेल, तर निदान यांची आई तरी रडू नये."

तो सिंहासनावरून उतरला आणि स्वतःच्या हाताने एकेक पिंजरा उघडत भिंतीकडेने चालू लागला. शेवटचे दार उघडून तो वळला. झरोक्यातले ऊन अंशुलेवर तिरपे पडले होते. राजाला तिच्या केसांवर हिरवी झाक दिसली. तो एक पाऊल सरकला, ती निळी झाली. आणखी एक, आणि जांभळी.

"अंशुले," तो हलकेच म्हणाला, "तू इथेच होतीस."

त्या शब्दासरशी शाप सुटला. तिचे काळेभोर केस, तिचा गव्हाळ वर्ण, तिची तांबडी ओढणी, सारे जागच्या जागी आले.

मेलेली पाखरे मात्र परत आली नाहीत. राजाने जाळी जाळली, भैरवाक्षाला राज्याबाहेर घालवले. ज्यांना उडता येत नव्हते, त्या पाखरांना अंशुलेने नवी पिसे फुटेपर्यंत मध-पाणी पाजले. राजा डोंगराच्या पायथ्याशी जाऊन अनवाणी उभा राहिला. पक्षीमाता त्याच्याशी बोलली नाही.

पण उन्हाळ्यात तिने वाड्याच्या महाद्वाराच्या कडीला कोळिष्टकांनी विणलेले घरटे टांगले. पिल्ले उडून जाईपर्यंत दार हलवू नये, अशी राजाज्ञा झाली. त्या ऋतूत मंत्री, सेनापती, परदेशांचे राजदूत, सगळे मुदपाकखान्याच्या दाराने, मान वाकवून दरबारात येत असत.