सड्यावरचं दार

"आता तरी सड्याचं काम माझ्याकडे सोपवाल ना, माई?"

परीक्षितने लॅपटॉप माईंकडे वळवला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी होत्या आणि शेवटी एक चौकोन लुकलुकत होता.

मठाच्या ओसरीवर माई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग परीक्षितकडे, आणि पुन्हा वालात हात घातला.

"काय काय केलंस, ते तरी सांग."

सांगायला तर तो टपलेलाच होता.

मठाच्या मागे डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर गवताने पिवळा पडलेला सडा, म्हणजे कातळाचं मोकळं पठार. सड्यावर एक खोपट, खोपटात एक कॉम्प्युटर, आणि छपरावर चारी दिशांना बघणारे चार कॅमेरे. कुठे आग दिसली, की हा कॉम्प्युटर खालच्या तिन्ही वाड्यांचे आणि मठातले फोन वाजवायचा. वणव्यात काजूच्या बागा गेल्या, तेव्हा वाड्यांनीच वर्गणी काढून तो बसवला होता.

कॉम्प्युटर गुणी होता, पण त्याला काही सांगायचं तर डोंगर चढावा लागे. त्यातही होळीच्या दिवशी फारच पंचाईत. आपली होळी कोणती आणि वणवा कोणता, हे त्याला कसं कळणार? तिन्ही वाड्यांच्या होळ्या दरवर्षी नव्या जागी उभ्या राहत, आणि जागा ठरे संध्याकाळी. मग एका माणसाने सणासुदीचं वर जाऊन बसायचं, फोनवर जागा विचारायच्या आणि कॉम्प्युटरला सांगायचं, की या तीन आगी आपल्या आहेत, गप्प राहा.

एका वर्षी कोणी गेलंच नाही. फोन वाजून वाजून लोक कावले आणि त्यांनी ते बंद करून टाकले. पहाटे खरा वणवा लागला, तेव्हा एकाही घरात फोन वाजला नाही.

आज होळीच होती.

माई एके काळी टेलिफोन खात्यात होत्या. निवृत्तीनंतर मठात राहायला आल्या आणि लोक जपमाळ हाती घेतात त्या वयात त्यांनी कॉम्प्युटर हाती घेतला. आता शहरातली शिकली-सवरलेली माणसं त्यांच्याकडे शिकायला येत. त्या प्रमाणपत्र वगैरे देत नसत. मन भरलं, की एखादं यंत्र सोपवत, आणि ज्याला ते मिळे त्याचं नाव त्या मंडळींत आदराने घेतलं जाई.

परीक्षित धामणकरला हे हवं होतं. पुण्यात साहेबाने 'घाईचा माणूस आहे' म्हणून त्याला बढतीत डावललं होतं. ते त्याला फार लागलं होतं. माईंनी सडा सोपवला असता, तर त्या साहेबाला परस्पर उत्तर मिळालं असतं.

"मागे वर जाऊन आलो, तेव्हा खालून आत शिरायची सोय चालू करून ठेवली," तो म्हणाला. "मठाच्या पत्र्यावरच्या अँटेनाच्या ताटलीतून सड्यावरच्या ताटलीपर्यंत. इथे बसून कमांड द्यायची, तिथे काम होतं. आणि आज पक्का बंदोबस्त केला."

"कसला?"

"पासवर्ड बंद. आत जायचं तर फक्त किल्लीने. आणि किल्ली एकच, माझ्या लॅपटॉपमध्ये. नेहमीचं दार सगळ्या जगाला ठाऊक असतं, म्हणून दाराचा, म्हणजे पोर्टचा, नंबरही बदलला. वर राखणदार बसवलाय, फायरवॉल. एक दार सोडून बाकी सगळी बंद ठेवतो. माई, आता चिटपाखरू आत शिरणार नाही!"

"चिटपाखरू नाही शिरणार," माई म्हणाल्या. "तू शिरशील ना?"

परीक्षित हसला.

"मी आतच आहे, हे काय! सकाळपासून."

"तेच म्हणते मी. आत बसलेल्याला दाराचं काय कळतं…"

हे त्याला झोंबलं. अशी शेकडो दारं आपण बसवली आणि ही बाई आपल्याला दार शिकवते!

"एवढंच ना? हे बघा, बाहेर पडतो. आणि हा परत आत."

माईंचा हात वर झाला. तळवा त्याच्याकडे, बोटं पसरलेली. पण परीक्षितची नजर पडद्यावर होती. त्याने बाहेर पडायची कमांड दिली, बटण दाबलं, आणि लगेच आत जायची कमांड दिली.

चौकोन लुकलुकत राहिला.

…

त्याने पुन्हा कमांड दिली. नंबर तपासून पुन्हा दिली. मग उगाच ताटलीच्या वायरीला हात लावून आला आणि परत दिली.

पलीकडून हूं की चूं नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खाली वाडीत पोरं लाकडं ओढत होती, त्यांचा गलका ओसरीपर्यंत येत होता.

"माई… तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"हात वर केला होता."

परीक्षितने मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "तुम्ही आत जायची एखादी दुसरी वाट ठेवली असेल ना?"

"आहे की."

त्याचा चेहरा उजळला. माईंनी हातातली वालाची शेंग उचलून डोंगराकडे दाखवली. करवंदांच्या जाळ्यांमधून एक पाऊलवाट वर गेली होती.

…

ऊन रणरणत होतं. लॅपटॉप पाठीला लावून परीक्षित चढत होता आणि मनात साहेबाचं ते वाक्य परत परत ऐकत होता. सगळ्यात वाईट म्हणजे, ते आज त्याला खोटं वाटत नव्हतं.

खोपटात पोचल्यावर त्याने कॉम्प्युटरचा स्वतःचा कीबोर्ड पुढे ओढला. चूक शोधायला वेळ लागला नाही. दाराचा नंबर त्याने बदलला होता, पण राखणदाराला उघडं ठेवायला सांगितलं होतं जुनंच दार. आधीपासून आत असलेल्याला राखणदार हटकत नाही, म्हणून सकाळपासून काही जाणवलं नव्हतं.

त्याने राखणदाराला नवा नंबर सांगितला आणि लॅपटॉप पिशवीत घातला. खोपटाच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

दार आता उघडं आहे, हे कशावरून?

तो तर पुन्हा आतच होता. खाली जाऊन बघावं आणि दार बंदच निघालं, तर होळीच्या आधी दुसऱ्यांदा वर येणं काही शक्य नव्हतं. इथेच बसून राहावं, तर मग दरवर्षीचीच गत. मग एवढा खटाटोप केला कशाला?

बराच वेळ तो उंबऱ्यावर बसून राहिला. खाली मठाचा पत्रा चकाकत होता. शेवटी त्याने फोन लावला.

"माई, खालून आत येऊन बघता का जरा?"

"कशाने येऊ? किल्ली एकच आहे म्हणालास ना. ती तर तुझ्या पाठीवर आहे."

वाऱ्याने गवत सळसळलं. परीक्षितला एकदम हसू आलं आणि रडूही.

"तुमची द्या," तो म्हणाला. "बसवतो."

अशी किल्ली दोन भागांची असते. गुप्त भाग आपण जपायचा आणि उघडा भाग पलीकडच्या कॉम्प्युटरला देऊन ठेवायचा. माईंचा उघडा भाग फोनवर येऊन पडला, इतक्या लवकर, की त्यांनी तो आधीच काढून ठेवला असावा. परीक्षितने तो लॅपटॉपवर घेतला, वायर जोडून कॉम्प्युटरवर चढवला, आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. घाई केली नाही.

"आता बघा."

…

"माई?"

"आले आत."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला, की तो फोनवरही ऐकू गेला असेल.

"मग निघू मी?"

"नीघ. मी आहे."

…

तो उतरून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर अजून कोणी दिवा लावला नव्हता. वालाची टोपली दुपारी होती तशीच पडली होती, आणि माईंच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. चौकोन लुकलुकत होता.

"तुम्ही अजून आतच?"

"तू यायच्या आधी बाहेर कशी पडू?"

पाय धुऊन तो त्यांच्या शेजारी बसला आणि स्वतःचा लॅपटॉप उघडून आत जायची कमांड दिली.

दार उघडलं.

परीक्षित तेवढ्यावर थांबला नाही. ती खिडकी तशीच ठेवून त्याने दुसरी उघडली आणि बाहेरून नव्याने आत जाऊन पाहिलं. दुसऱ्यांदाही दार उघडलं. माईंनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं.

मग वाड्यांचे फोन आले. खालच्या वाडीची होळी पाराजवळ, मधलीची शाळेमागे, वरचीची ओढ्यापलीकडे. परीक्षितने तिन्ही जागा कॉम्प्युटरला सांगितल्या आणि वाचून पाहिल्या. मग माईंना वाचून दाखवल्या.

"पाराजवळ की पाराच्या मागे?" माईंनी विचारलं.

त्याने फोन करून विचारलं. पाराच्या मागे होती. त्याने ती जागा दुरुस्त केली.

ढोल वाजले. पारामागे ज्वाळा उठली, मग शाळेमागे, मग ओढ्यापलीकडे. बोंबा आणि शिमग्याच्या फाका यांनी दरी भरून गेली. परीक्षित ओसरीवरच्या माईंच्या फोनकडे टक लावून बसला होता.

फोन वाजला नाही.

वाडीतून कोणीतरी नैवेद्याची पुरणपोळी आणून दिली. "या वर्षी वर कोण बसलंय?" त्या माणसाने विचारलं. "कोणी नाही," माई म्हणाल्या, आणि तो चक्रावून सड्याकडे बघत निघून गेला.

सडा सोपवण्याचा दुपारी विचारलेला प्रश्न परीक्षितच्या ओठांवर दोनदा आला आणि दोनदा त्याने तो गिळला. आता तो विचारायची त्याला लाज वाटत होती. तरी मनातून तो गेला नव्हता.

…

माईंनी लॅपटॉप मांडीवर सारखा केला.

"आत आहेस ना?"

"आहे, माई."

"परत बघ."

त्याने बघितलं. सड्यावरून उत्तर आलं.

"आहे."

माईंनी बटणावर बोट ठेवलं.

"मग मी बाहेर पडते."