नखुल्याचा कोपरा आणि न वाजलेली घंटा

विषय : नखुल्या उंदीर यास पिझ्झा बर्गरचा कोपरा न मिळाल्याबाबत.
संदर्भ : कुमुदकाकूंच्या स्वयंपाकघरातून येणारा वास.

हकीकत अशी.

नखुल्या होता नखाएवढा. कुमुदकाकू चालवायच्या शाळेचं कॅन्टीन. छोट्या सुट्टीत त्या पिझ्झा बर्गर द्यायच्या. करपलेला कोपरा नखुल्याला. रोज. न विसरता.

मग कॅन्टीन बंद झालं. काकू घरी बसल्या. घर शाळेच्या भिंतीला लागून. नखुल्याही मागोमाग आला. तुरु तुरु, तुरु तुरु.

मे महिना होता. शाळेत चिटपाखरू नव्हतं. एका सकाळी काकूंनी घरीच पाव मधोमध चिरले. वर लाल सॉस. वर कांदा. वर ढोबळी मिरची. वर किसलेलं चीज. सगळे तव्यावर. वर झाकण. चर्र चर्र, चर्र चर्र.

नखुल्याच्या पोटात कावळे ओरडू लागले. उंदराच्या पोटात कावळे कसे, हे त्यालाही कळेना.

"काकू, काकू, झाकण उघडा ना. माझा कोपरा मला द्या ना."

काकू म्हणाल्या, "घंटा झाली का?"

"नाही."

"मग गप बस. घंटेआधी मी हेडमास्तरांनासुद्धा दिलेलं नाही. आधी घंटा वाजेल, मग मी झाकण उघडेन. आणि पळ लवकर. सगळं करपलं तर कोळसा चावत बसशील."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

शाळेच्या व्हरांड्यात घंटा होती. वारा नव्हता. तरी ती हलत होती. आवाज मात्र नव्हता.

"घंटे, घंटे, वाज ना.
काकू झाकण उघडेनात,
माझा कोपरा मला मिळेना."

घंटा कुजबुजली, "मी नाही वाजणार. आधी रंगूमामा ठोका देतील, मग मी वाजेन."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

रंगूमामा शाळेचे शिपाई. स्टुलावर बसले होते. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. मामा झोपले होते. अशी झोप नोकरीत शिकावी लागते.

"मामा, मामा, ठोका द्या ना.
घंटा वाजेना,
काकू झाकण उघडेनात,
माझा कोपरा मला मिळेना."

मामा झोपेतच म्हणाले, "मी नाही देणार. आधी घड्याळात साडेदहा वाजतील, मग मी ठोका देईन. उगाच कोणी बोट दाखवायला नको."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

भिंतीवर घड्याळ होतं. ते टिक करायचं. टक करायचं नाही.

टिक.

टिक.

"घड्याळा, घड्याळा, साडेदहा वाजव ना.
मामा ठोका देईनात,
घंटा वाजेना,
काकू झाकण उघडेनात,
माझा कोपरा मला मिळेना."

घड्याळ म्हणालं, "मी नाही वाजवणार. आधी कपाट मला फिरवायची किल्ली देईल, मग मी वाजवेन."

नखुल्या निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

कपाट होतं ऑफिसात. ऑफिसात अंधूक उजेड. कपाटाच्या आत कोणीतरी श्वास घेत होतं. हुस्स. हुस्स.

"कपाटा, कपाटा, किल्ली दे ना.
घड्याळ साडेदहा वाजवेना,
मामा ठोका देईनात,
घंटा वाजेना,
काकू झाकण उघडेनात,
माझा कोपरा मला मिळेना."

कपाट म्हणालं, "मी नाही देणार. आधी अर्जावर शिक्का पडेल, मग मी किल्ली देईन."

"मला लिहिता येत नाही."

"कोणाला येतं? अंगठा उमटव."

नखुल्याने पंजा शाईत बुडवला. कागदावर उमटवला. पिट्. टेबलापुढे खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

"साहेब, साहेब, शिक्का मारा ना.
कपाट किल्ली देईना,
घड्याळ साडेदहा वाजवेना,
मामा ठोका देईनात,
घंटा वाजेना,
काकू झाकण उघडेनात,
माझा कोपरा मला मिळेना."



खुर्ची वळली. कुईंऽऽ.

शिक्का उचलला गेला. आपोआप.

ठप्प.

नखुल्याची शेपटी ताठ झाली. पण पोटातले कावळे गप्प बसेनात. म्हणून तो पळाला नाही.

शिक्का पडला, तसं कपाटाने किल्ली दिली.
किल्ली फिरली, कर्र कर्र, तसं घड्याळ टक म्हणालं. साडेदहा वाजले.
साडेदहा वाजले, तसा मामांनी ठोका दिला. झोपेतच.
ठोका बसला, तशी घंटा वाजली.

टण टण टण टण.

आणि रिकाम्या वर्गांची दारं उघडली. धाड धाड धाड. पायांचे आवाज आले. धडधड धडधड. पाय नव्हते. नुसते आवाज. ते नखुल्याच्या अंगावरून गेले. भिंतीवरून गेले. काकूंच्या खिडकीपुढे थांबले.

नखुल्या मागोमाग धावला. तुरु तुरु, तुरु तुरु.

काकूंनी झाकण उघडलं. खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

"ढकलू नका रे," काकू म्हणाल्या. "रांगेत या. वेणी कोण ओढतंय? मी बघतेय हं."

खिडकीबाहेर सगळं शांत झालं.

काकूंनी एक पिझ्झा बर्गर खिडकीत ठेवला. तो नाहीसा झाला. "पुढचा." दुसरा ठेवला. तोही नाहीसा झाला. "पुढचा." तिसरा. "पुढचा." तव्यावर उरला एकच.

नखुल्या रांगेत सगळ्यात मागे. त्याला रडूच येऊ लागलं.

"पुढचा," काकू म्हणाल्या. मग वाकून पाहिलं. "अगं बाई, तू होय. इतका वेळ कुठे तडमडला होतास?"

त्यांनी पावाचा करपलेला कोपरा मोडला. चीजची तार लांबच लांब गेली. कोपरा नखुल्याच्या पंजात दिला. गरम. कुरकुरीत. कडेला थोडा काळा.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

राहता राहिला अर्ज. त्यावरचा शिक्का मंजुरीचा नव्हता. तो 'आवक' असा होता. म्हणजे अर्ज आला, एवढंच. कपाटाला वाचता येत नाही, म्हणून किल्ली मिळाली. शिक्का कोणी मारला, याची नोंद सापडत नाही.

अर्ज टेबलावरच आहे. निर्णय अजून झालेला नाही.