खताची आगटी

कोणे एके काळी दाट रानाच्या कडेला एक गाव होते. त्याचे नाव आजूबाजूच्या मुलखातही आता कुणाला आठवत नाही, मग ते आपल्याला कुठून ठाऊक असणार?

एके दिवशी भर दुपारी वाघाने वेशीवरून एक वासरू उचलले. गाव भ्याले. असे भ्याले की दिवसाउजेडीही कुणी पाण्याला एकटे जाईना. पाटलाने हुकूम काढला, "गावाभोवती आगट्या पेटवा. एकही विझता कामा नये."

जळणासाठी रानात जाणार कोण? मग घरोघरच्या शेणाच्या गोवऱ्या झाल्या. काड जळाले, पालापाचोळा जळाला. तुराट्या तर लोकांनी मुळांसकट उपटल्या. वाघ फिरकला नाही. जो तो पाटलाची वाहवा करू लागला.

एका म्हातारीने मात्र शेतासाठी आपला उकिरडा राखला होता. पाटील माणसे घेऊन तिच्या दारी आला.

"आजी, तुझ्या शेणखतापायी गाव वाघाच्या तोंडी देऊ का?"

"पाटील, वाघ दिसतो म्हणून त्याचं भ्या वाटतं," म्हातारी म्हणाली. "माती उपाशी मरतीया, ते दिसत न्हाई. मला त्याचंच भ्या वाटतंय."

माणसे हसली आणि उकिरडा उपसून घेऊन गेली. पुढे भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसे झाले. वाऱ्याने झुडूप हलले तरी लोकांना वाघ दिसे, आणि आगट्या वाढत जात.

पहिल्या वर्षी ज्वारी पिवळी पडली. दुसऱ्या वर्षी कणसे भरलीच नाहीत. पावसाचे पाणी जमिनीत मुरेना, ते वरची माती घेऊन ओढ्याला जाई. तिसऱ्या वर्षी कडबाच झाला नाही, म्हणून गुरे मेली. पाटलाचा एक बैल तेवढा उरला. गुरे नाहीत, म्हणून शेण नाही. एका संध्याकाळी शेवटची आगटी धुमसत धुमसत विझली.

पाटील धावत म्हातारीकडे आला.

"आजी, आता काय जाळू?"

"जाळायला काय न्हाई ऱ्हायलं, पाटील. अन् पेरावं म्हटलं, तर मातीत जीव न्हाई."

अंधार पडायच्या आतच वाघ वेशीतून आत आला. अडवायला आग नव्हती, आणि उपाशी माणसांच्या अंगात हाकारे घालण्याचेही बळ नव्हते. पाटलाचा बैल त्याने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओढत नेला. दुसऱ्या दिवशी गाव उठले. तान्ही पोरे पाठीशी बांधून माणसे परमुलखात भीक मागायला निघाली.

तात्पर्य : मातीचा घास काढून भीतीला घातला, तर भीती जात नाही, घास मात्र जातो.